टेकून केलेले श्रम

व्यायाम नुसता घडून भागत नाही, तो घडताना दिसलाही पाहिजे, ही आपल्याकडील एक अलिखित परंतु अत्यंत कडक अट आहे. तालमीच्या लाल मातीत जोर काढणारा, पहाटे उघड्या अंगाने सूर्यनमस्कार घालणारा, किंवा धापा टाकीत पर्वती चढणारा मनुष्य व्यायाम करीत आहे याविषयी कोणाच्याही मनात किंतु येत नाही. परंतु पाठीला टेकू, बाजूंना मुठी आणि खाली रुंद गादी अशा थाटात बसून जो पाय हलवितो, त्याच्या श्रमांची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. अशा बेदखल व्यायामाचा मी गेली काही वर्षे नित्याचा वहिवाटदार आहे.

माझी हयात महसूल खात्यात गेली आणि पुण्यास असेतोवर कचेरीतली हजेरी मी सायकलीवरूनच लावली. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि तासाच्या बोलीने सायकली देणारी दुकाने पेठापेठांतून असत. सांप्रत त्याच रस्त्यांवर माझ्या वयाच्या माणसाने सायकल घालावी, असे त्याचा हितचिंतक तरी सांगणार नाही. अशातच कमरेच्या मणक्यांनी आपली कैफियत मांडली, पुढे वाकण्यास मनाई झाली, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंच्या शिफारशीवरून मुलाने व सूनबाईने ही रिकम्बंट बाइक आणवून दिवाणखान्यातील खिडकीपाशी रुजू करून घेतली.

या यंत्रात पायडले बसणाऱ्याच्या खाली नसून समोर असतात, त्यामुळे पाय जवळजवळ कमरेच्या पातळीत पुढे पसरतात आणि धडाचा भार मनगटांवर वा सायकलीच्या अरुंद सीटवर न पडता पाठ आणि मांड्या यांवर विभागला जातो. बाईंनी सीट मागेपुढे सरकवून, पायडल अगदी दूर गेले असतानाही गुडघा किंचित वाकलेलाच राहील अशा बेताने ती कायम करून दिली. सीट फार जवळ असली तर गुडघ्यावर ताण येतो आणि फार दूर असली तर प्रत्येक फेऱ्यात कंबर ओढली जाते. समोरच्या पेटीत एक जड चक्र असून, बटन पिळले की चुंबक त्याच्या जवळ सरकतो. चुंबक चक्राला शिवत नाही. तथापि फिरणाऱ्या धातूत विजेचे भोवरे उत्पन्न होतात आणि ते ज्या गतीतून जन्मले त्या गतीलाच विरोध करतात. फ्रान्समधील फूको या शास्त्रज्ञाने 1855 मध्ये दाखविलेल्या या चमत्काराची कृपा अशी की चाकाला रोखताना घर्षण नाही, म्हणून त्याचा आवाज नाही, आणि पहाटे पाचला सायकल हाणली तरी घरातील निजलेल्यांची यत्किंचितही तक्रार येत नाही.

आराम मात्र येथे केवळ पाठीपुरता आहे. साध्या सायकलीवर चढ लागला की सीटवरून उठून सबंध देहाचे वजन पायडलावर टाकण्याची मुभा असते. येथे उठणे संभवतच नाही, पाठ टेकूला रेटून जे काही लोटायचे ते मांड्यांनीच लोटावे लागते, आणि छाती धापू लागण्यापूर्वी मांड्या जळू लागतात. बाईंच्या दवाखान्यात सरळ बसावयाची सायकलही होती आणि तिच्यापेक्षा हिच्यावर माझी नाडी कमी भरे. त्याचे कारण त्यांनी असे सांगितले की पाय उंचावलेले असल्याने रक्त हृदयाकडे सुलभपणे परतते, हृदय दर ठोक्यास अधिक रक्त लोटू शकते, म्हणून तेवढ्याच कामाला त्याला थोडे ठोके पुरतात. श्रमाची परीक्षा त्यांनी अंकांऐवजी गळ्यावर सोपविली: बोलता यावे, परंतु गाता येऊ नये. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "यांना एरवी तरी कुठे गाता येतं?" जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान 150 मिनिटे मी याच कसोटीवर भरून काढतो.

पडद्यावरील अंकांविषयी मात्र माझे मत चांगले नाही. वेळ तो खरी दाखवितो. कॅलरींचा आकडा मात्र ना वजन विचारून काढलेला, ना वय. शिवाय बटनाची तार थेट चुंबकाकडे गेलेली असल्यामुळे चाक हलके आहे की जड याची वार्ताही त्या पडद्यापर्यंत पोचत नाही. पहिल्या अंकावर आणि आठव्या अंकावर फेरे तेवढेच झाले तर खर्चही तेवढाच पडतो. जमीन डोळ्यांनी न पाहता केलेली आकारणी नोकरीत मी अनेकदा पाहिली आहे, परंतु ती इतक्या बेधडक दशांशांत केलेली नव्हती.

आमचे शेजारी माझ्याच खात्यातून चिटणीस म्हणून निवृत्त झाले असून नित्यनेमाने पर्वती चढतात. परतताना चहाला थांबले की माझ्या आसनाकडे पाहून, "काय रावसाहेब, अजून लोळणं चालूच का?" अशी पृच्छा ठरलेली. अखेर मी त्यांच्यापुढे एक जुने प्रकरण साद्यंत मांडले. 1933 च्या जुलैत पॅरिस येथे फ्रान्सिस फॉर नावाच्या सायकलपटूने शार्ल मोशे याने बांधलेल्या, मागे रेलून चालवावयाच्या सायकलीवर एका तासात 45 किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले आणि ऑस्कर एग याचा 1914 पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. फॉर हा काही अव्वल दर्जाचा गणला जात नसे. रेललेल्या देहाला वारा कमी अडवितो, हेच त्याचे भांडवल. परिणामी 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सायकल कशास म्हणावे याची नवी व्याख्या ठरवून असली वाहने शर्यतींतून बाद केली. माझ्या दिवाणखान्यात वाराच नसल्याने तो फायदा मला मिळत नाही, हेही मी प्रामाणिकपणे जोडले.

चिटणिसांनी बशीतला चहा संपविला, निकालाची तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली, आणि म्हणाले, "संघानं केलं ते रास्तच केलं, रावसाहेब. रेलून पहिला नंबर मिळायला लागला, तर वाकायचं कोणी?"