रूढि आणि नावीन्य

आमचा एक नातू वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. जुन्या धर्तीचा नकाशा काढला तर शिक्षक त्यास नक्कल म्हणतात, नव्या धर्तीचा काढला तर लहर म्हणतात. बिचारा इतका खट्टू झाला कीं, हा अभ्यासच सोडावा, असें बोलूं लागला. "नाना, मीं करावें तरी काय?" ह्या त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत दिसतें.

तेथील दहावें लेणें क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें कोरविलें. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचें राज्य जिंकलें. त्याची माता बलश्री हिनें आपला नातू पुळुमावी ह्याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं तिसरें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें. शत्रूचें म्हणून जुनें रूप टाकून दिलें नाहीं. मधें मंडप, भोंवतीं भिक्षूंच्या खोल्या, घंटाकृति स्तंभशीर्षें, हा सारा क्रम दहाव्यासारखाच. परंतु ओसरीचा तुळवट येथें धिप्पाड गणांनीं पेलला आहे आणि दाराभोंवतीं सांचीची आठवण देणारें तोरण कोरलें आहे. हें दहाव्यांत नाहीं.

भिक्षूंची राहणी तीच होती, म्हणून मांडणीही तीच राहिली. राजकुलास सांगावयाचें कांहीं नवें होतें, तें दर्शनी भागीं उमटलें. नातवास आमचें सांगणें एवढेंच कीं, घरांत राहणारा कसा राहतो हें आधीं पाहा. जुनें कोठें ठेवावें आणि नवें कोठें आणावें, हें त्यावरूनच ठरतें. मग नकाशास कोणी नक्कल म्हणो कीं लहर म्हणो, उत्तर तुझ्यापाशीं असेल.