पडद्यावरचीं पानें

छापील पुस्तकाचें बत्तिसावें पान आज उघडा कीं उद्यां उघडा, त्यावरील मजकूर तोच असतो. या जुन्या सवयीमुळें संगणकाच्या पडद्यावरील लांबलचक यादीचीं पानेंदेखील तशींच अढळ असतील, असें आपण धरून चालतों. वेब-ॲप्लिकेशनें रचणें हाच आमचा नित्याचा उद्योग असल्यामुळें या समजुतीविषयीं चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें.

पडद्यावरचें पान कोठेंहि शिवून ठेवलेलें नसतें. तें दर खेपेस नव्यानें कापलें जातें. 'पुढील पान' ही कळ दाबली कीं डेटाबेसला आज्ञा होते: नोंदी क्रमानें लाव, पहिल्या ४० सोड, पुढच्या २० दे. 'ऑफसेट' आणि 'लिमिट' तीं हींच. सोडावयाच्या नोंदीहि डेटाबेसला वाचाव्या लागतात. म्हणून २० नोंदींच्या हिशेबानें ५,००० वें पान मागितल्यास ९९,९८० नोंदी केवळ टाकून देण्यासाठीं चाळल्या जातात.

परंतु कालापव्यय हा यांतला लहान दोष होय. एका शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी आमच्या पाहण्यांत आली होती. अर्ज केवळ तारखेच्या क्रमानें लावलेले होते. विद्यार्थ्यांची रीत अशी कीं, बहुतेकांचे अर्ज अखेरच्या दिवशींच येतात. त्यामुळें शेंकडों अर्जांवर एकच तारीख. त्यांत आधीं कोणता व मागून कोणता, हें आज्ञेंत सांगितलेलें नसेल तर डेटाबेस तें आपल्या सोयीनें ठरवितो, आणि ती सोय दर वेळीं एकच असेल असा नियम नाहीं. तिसऱ्या पानावरचा एक अर्ज कारकुनास चौथ्या पानावर पुन्हां दिसला. अर्थातच त्याच्या जागीं यावयाचा दुसरा अर्ज कोणत्याच पानावर आला नाहीं. दोनदां दिसलेल्याची तक्रार तत्काळ झाली. न दिसलेल्याची कोणी करावी? एकूण संख्या बरोबर, पानेंहि बरोबर. एका मुलीचा अर्ज मात्र यादींत असून वाचला गेला नव्हता. सर्व क्रमांक ताडून पाहिले, तेव्हां कोठें तो सांपडला.

यांत डेटाबेसचा अपराध नाहीं. एड्गर कॉड यांनीं १९७० सालीं कोष्टकांची जी संबंधात्मक पद्धति मांडली, तींत ओळींना स्वतःचा असा क्रमच नाहीं. क्रम सांगणें हें मागणाराचें काम.

उपाय दुहेरी आहे. तारखेच्या जोडीस प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे बरोबरी उरत नाहीं. मग "४० सोड" असें न म्हणतां "अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या अर्जापुढील २० दे" असें म्हणावें. पोथी वाचणारा पत्रें मोजीत बसत नाहीं, खुणेपासून पुढें वाचतो, तसेंच हें. त्या दोहोंची अनुक्रमणिका डेटाबेसांत केलेली असली कीं तो थेट खुणेपाशीं जातो. मध्यंतरीं आलेल्या नव्या अर्जानें पुढचे अर्ज सरकत नाहींत. आणि अर्जाची तारीख मागाहून बदलत नसल्यामुळें खूणहि ढळत नाहीं.

याची किंमत इतकीच कीं, ५७ वें पान एकदम उघडतां येत नाहीं. ती आम्हांस जड वाटत नाहीं. मधल्याच पानावर उडी घेण्याचें कारण क्वचित् कोणास पडतें. परंतु यादीच्या शेवटास पोंचलेल्या कारकुनास "सर्व अर्ज वाचले" अशी सही निःशंकपणें करतां आली पाहिजे.