कळकलेलं ताक

सातारा,
१४ जुलै

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. अकरावीला विज्ञान शाखा घेतलीस, याचा आनंद झाला. पण ‘आत्या, केमिस्ट्री म्हणजे नुसती घोकंपट्टी आहे गं’ हे वाचून वाईट वाटलं. तीस वर्षं मी हाच विषय शिकवला. समीकरण पाठ करण्याआधी ते ज्याबद्दल आहे ती गोष्ट बघावी लागते. मला ती आपल्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात दिसली.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पितळेच्या पातेल्यात ताक रात्रभर तसंच राहिलं आणि सकाळी त्याला हिरवट झाक आली. तुझ्या पणजीनं ते सगळं ओतून दिलं. “कळकलंय. भांड्याची कल्हई गेलीय,” एवढंच म्हणाली. तिचं निदान अचूक होतं. त्यामागचं कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

दुधातल्या साखरेचं जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून ताक आंबट. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं ते आम्ल तांब्याला हळूहळू विरघळवतं आणि तांब्याचे क्षार ताकात उतरतात. ती हिरवट झाक त्यांचीच. ते पोटात गेले तर मळमळतं, उलट्या होतात.

मग दारात कल्हईवाला यायचा. भाता मारून तो भांडं तापवी, नवसागराची पूड टाकी, कथिलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर पुसत जाई. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि आतून भांडं चांदीसारखं लखलखे. आम्हा पोरांना ती जादू वाटे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील स्वच्छ धातूला घट्ट धरतं. वर जाऊन गार झाले की हेच दोन वायू पुन्हा एक होतात. तो पांढरा धूर म्हणजे परत जन्मलेला नवसागर! कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, पितळ नऊशेच्या आसपास. म्हणून लहानशा भट्टीवर कथिलाचं पाणी होतं आणि भांडं शाबूत राहतं. ताकातल्या सौम्य आम्लाचा कथिलावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून कल्हई.

हल्ली ‘यात केमिकल नाही’ असं सांगून वस्तू विकतात. पाणी, मीठ, चिंचेतलं टार्टारिक आम्ल, ही सगळी रसायनंच आहेत. ज्या तांब्यानं ताक नासलं, तेच तांबं अगदी थोडं आपल्या शरीराला लागतंही. कोणतं रसायन, किती आणि कशाच्या संगतीत, हे विचारायला शिकणं म्हणजेच रसायनशास्त्र शिकणं. पणजीला एकही सूत्र येत नव्हतं, पण आंबट काय, भांडं कोणतं आणि ते किती वेळ राहिलं, याकडे तिचं बारीक लक्ष असे. अर्धं शास्त्र तिच्यापाशी होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे ‘का’, तुझ्या पुस्तकात आहे.

आता एक कर. पांढऱ्या फडक्यावर ओल्या हळदीचं बोट ओढ आणि त्यावर कपड्याचा साबण चोळ. डाग लाल होईल. मग त्यावर लिंबू पीळ. तो पुन्हा पिवळा होईल. प्रयोगशाळेत लिटमस जे काम करतो, तेच इथे हळदीतलं कर्क्युमिन करतं. तेच फडकं पुन्हा साबणाला लाव, पुन्हा लिंबू पीळ. काय दिसलं ते आधी वहीत लिही, पुस्तक नंतर उघड. आणि मला कळव. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ.

तुझी,
आत्या