झाकलेले ताट

इंदुरास शिकावयास आलेल्या आमच्या पुतण्याने गेल्या महिन्यात आम्हांला मेक्सिको देशातील एक माहितीपट दाखविला. मादक द्रव्यांच्या टोळ्या म्हटल्यावर बंदुका आणि पाठलाग पाहावयाची तयारी करूनच आम्ही बसलो होतो. २०२१ सालच्या ‘ते नोंब्रे एन एल सिलेन्सिओ’ (म्हणजे ‘निःशब्दतेत तुझे नाव घेतले’) या पटाचा विषय निराळाच निघाला. त्यात होत्या फावडी घेतलेल्या बायका.

सिनालोआ प्रांतातील एल फुएर्ते परिसराच्या या माता. टोळ्यांच्या त्या मुलखात यांची मुले घराबाहेर पडली ती परतलीच नाहीत. मिर्ना मेदिना या निवृत्त शिक्षिकेचा मुलगा २०१४ च्या जुलैत असाच नाहीसा झाला. कोठे दाद लागेना, तेव्हा बाईंनी स्वतःच शोध आरंभिला. समदुःखी जणी येऊन मिळाल्या. अपराधी कोण, हे त्या विचारीत नाहीत. आमचे माणूस तेवढे परत मिळो, इतकेच मागणे.

माती उकरल्यासारखी दिसली की लोखंडी सळई आत ठोकावयाची, उपसावयाची आणि तिचे टोक हुंगावयाचे. दूध नासले काय, डाळ लागली काय, हे ओळखणारे घरोघरच्या बायकांचे नाक. तेच येथे मातीखालचे मरण शोधीत होते. आमच्या पोटात कालवले. सापडलेल्या अवशेषांना त्या ‘खजिना’ म्हणतात! सदऱ्यावर लिहिलेले असते, ‘सापडेपर्यंत शोधीन’. जिला सापडले तिच्या सदऱ्यावर, ‘वचन पुरे केले’. मिर्नाबाईंना मुलाचे थोडे अवशेष २०१७ साली मिळाले. तरी त्या इतर जणींबरोबर जातच राहिल्या.

डिसेंबर २००६ मध्ये तेथील सरकारने टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरविले. बेपत्ता माणसांची सरकारी नोंद २०२२ साली एक लाखावर गेली. हा आकडा काही आमच्या मनात मावेना. मावले ते एक पुस्तक. याच बायकांनी एका छायाचित्रकार बाईंच्या साहाय्याने २०२० साली पाककृतींचे पुस्तक सिद्ध केले. प्रत्येकीने त्यात आपल्या हरवलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ सांगितला आहे.

रात्री जेवताना आम्ही हे सांगितले, तेव्हा आमच्या वृद्ध आत्याबाई घास हातात धरून थबकल्या. गेलेल्यांसाठी आपण पितृपक्षात त्यांच्या आवडीचे करून पान वाढतो. उशिरा येणाराचे ताट झाकून ठेवतो.

“मग त्या बायकांनी काय करायचं रे?” त्या म्हणाल्या, “पान वाढायचं, की ताट झाकून ठेवायचं?”

पुतण्या पाणी आणावयाच्या निमित्ताने उठून आत गेला.