तिघांपैकी कोणतेही दोन

बँकेतला कारकून कोणाला भितो, असं विचारलं तर लोक सांगतील, मॅनेजरला; फार तर ऑडिटरला. साफ चूक. तो भितो चिल्लरीला. सोमवारी सकाळी काउंटर उघडतं न उघडतं तोच कोणी खण्णकन कापडी पिशवी आपटली, की माझ्यासारख्या बी.कॉम. सेकंड क्लासच्या पोटात गोळा येतो.

अपवाद एकच, मास्तरांची पिशवी. शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका लहानशा चर्चचे हे खजिनदार. निवृत्त शाळामास्तर, वय ऐंशीला टेकलेलं. रविवारचं दान सोमवारी साडेदहाला माझ्यापुढे. नाण्यांच्या कागदी सुरळ्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. बावीस वर्षांच्या नोकरीत माझी कॅश दोनदा चुकली. मास्तरांची एकदाही नाही. (चर्चच्या दारात आता क्यूआर कोडही लावलाय म्हणे, पण म्हाताऱ्यांचा विश्वास खुळखुळाटावर.)

त्यांच्या खात्यावर सह्यांची सूचना आहे : ‘तिघांपैकी कोणतेही दोन’. आता संस्थांच्या सह्या बदलतात त्या भांडणापायी, हे मी अनुभवाने सांगतो. इथे मात्र सही बदलते ती माणूस गेला म्हणून. सहा वर्षांत चार वेळा मी ते कार्ड बदललं. चौथ्या वेळी न राहवून म्हटलं, ‘‘मास्तर, या खेपेला जरा तरुण माणूस बघा ना.’’

‘‘तरुणच आणलाय,’’ मास्तर म्हणाले. मी बरोबरच्या गृहस्थांची जन्मतारीख पाहिली. एकाहत्तर वर्षं!

तेव्हापासून आमचं बोलणं वाढलं. मंडळीच्या रजिस्टरात नावं पुष्कळ, पण मुलं पुण्याला, मुंबईला, कॅनडाला. बाकावर येणारी तीस-पस्तीस डोकी, आणि सगळी पांढरी. पाळकसाहेब आहेत, पण ते चार मंडळ्यांत वाटलेले. यांच्या वाट्याला महिन्याचा एक रविवार. म्हणजे पाव पाळक म्हणा ना! प्रभुभोजन तेवढं त्यांच्या हातून. बाकी सगळं पाळीवर. मास्तर शास्त्र वाचतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन उपदेश करतात (थोडक्यात करतात; जिवंत तारेला फार वेळ धरून राहू नये, हे त्यांना ठाऊक). पेटी एक निवृत्त नर्सबाई वाजवतात, आणि ना. वा. टिळकांची भजनं सगळे मिळून म्हणतात, ज्याच्या त्याच्या पट्टीत.

मी जन्माचा नाशिककर. शरणपूर रोडवर आयुष्यभर स्कूटर हाकली, पण ‘शरणपूर’ म्हणजे काय, हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. मास्तरांनी सांगितलं, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती, शरण आलेल्यांची. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टनचा मृतदेह इंग्लंडला गेला तेव्हा हा सोबत होता, आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांतही होता. नाशिकच्या शाळेतला पोरगा! आमच्या वर्गातला सगळ्यात लांब गेलेला मुलगा भिवंडीला आहे.

पुढे १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं, त्यात यांची मंडळीही गेली. बोलणी म्हणे चाळीस वर्षं चालली होती. मी हसलो नाही. आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं बारा, आणि पाण्याची टाकी कोणी धुवायची याची बोलणी अजून चालू आहेत.

गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण दिवसभर तिच्यापाशी बसणार कोण? बायकोची शाळा, माझी बँक. सुरळ्या मोजता मोजता मी हे मास्तरांशी बोललो. बोललो म्हणजे कुरकुरलो. मंगळवारी चारला घरची बेल वाजली. दारात त्या पेटीवाल्या सिस्टर.

‘‘मंगळवार माझा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्या वायरमनच्या मिसेस येतील.’’

त्यांच्याकडे एक वही होती. फॉर्मातले रकाने भरून घेण्यात माझी हयात गेली, पण त्या वहीत चारच रकाने : नाव, पत्ता, दुखणं, वार. आमच्या मागच्या गल्लीतल्या वॉचमनची बायकोही त्यात होती. तिला शनिवार.

आई पडली कडक. मला धाकधूक. पण तिने पहिला प्रश्न टाकला तो असा : ‘‘लक्ष्मीबाई टिळकांची माणसं का हो तुम्ही?’’ लक्ष्मीबाई जलालपूरच्या, म्हणजे नाशिकच्याच माहेरवाशीण, आणि ‘स्मृतिचित्रे’ कायम आईच्या उशाशी. त्या दिवशी गॅसवर दूध उतू गेलं आणि दोघींपैकी एकीलाही वास आला नाही.

महिन्याभरात आई म्हणाली, ‘‘नुसती सेवा घेत पडू का मी? मलाही पाळी द्या.’’

अंथरुणातून काय पाळी देणार? पण निघाली. या मंडळींची एक फोनची साखळी होती. सकाळी सातला पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा. ‘‘उठलात?’’ ‘‘उठलो.’’ मग दुसऱ्याने तिसऱ्याला. एकटे राहणारे एकोणीस जण. फोन उचलला नाही, तर जवळ असेल त्याने धावायचं. आईला विसावं करून मास्तरांच्या आधी बसवलं. दुसऱ्याच आठवड्यात तक्रार आली. ‘‘उठलात?’’पासून सुरू झालेलं आई-मास्तरांचं बोलणं रक्तातल्या साखरेवरून जलालपूरपर्यंत जाई, आणि तोवर साखळीतले पुढचे सगळे, आपण हयात आहोत हे कळायची वाट पाहत, पांघरुणात ताटकळत!

माघातल्या एका सकाळी आईने दोनदा फोन लावला. तिसऱ्यांदा लावला. मग तिने मला ज्या आवाजात हाक मारली, तो मी बाबा गेले त्या पहाटेनंतर ऐकला नव्हता. अर्ध्या गालाला साबण तसाच, मी स्कूटरला किक मारली. किल्ली तुळशीच्या शेजारच्या कुंडीखाली असते, हे आईने मागून ओरडून सांगितलं. तिला ते कसं ठाऊक, हे विचारायची ती वेळ नव्हती.

मास्तर पलंगाखाली पडले होते. शुद्ध होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. काहीतरी सांगत होते, मी कान जवळ नेला. ‘‘...मोजायची राहिलीत.’’

वेळेवर नेलं, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर वाचले, पण उजवा हात गेला. सही गेली. पाचव्यांदा कार्ड बदललं. या खेपेचे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, म्हणजे पोरच. साखळी चालूच आहे. ‘‘उठलात?’’ला मास्तर आता फक्त हुंकार देतात, आणि बोलणं सगळं आईच बोलते.

राहिली चिल्लर. ती कोणाच्या गळ्यात पडली, हे तुम्ही ओळखलं असेलच. रविवारी दुपारी मी मास्तरांच्या पलंगाशी बसतो. ते डाव्या हाताने पाच-पाचच्या चळती लावतात, मी सुरळ्या वळतो, पेन्सिलीने आकडा घालतो. पिशवी सिस्टर नेतात.

पहिल्याच सोमवारी पाच रुपये कमी निघाले. काउंटरच्या आत मी, बाहेर सिस्टर. मी जरा आवाज चढवून म्हटलं, ‘‘कोणी मोजलंय हे?’’

सिस्टर चष्म्यावरून नुसत्या बघत राहिल्या. मागे रांग वाढत होती. मी मुकाट्याने खिशातून पाचाचं नाणं काढलं.

‘‘खिसा नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुन्हा मोजा.’’