सोनू, वर्गात कंटेनर आण

चि. सोनूस,

उरणात इंग्रजी बोलायला शिकवण्याचा वर्ग काढलास, भिंतीवर बारा काळांचा तक्ता लावलास आणि कौतुकाने त्याचा फोटो पाठवलास. तक्ता छान आहे. तूर्त तो काढून ठेव. हे पत्र मुद्दाम छापायला देते आहे, कारण असे तक्ते लावून बसलेल्या तुझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

तुझ्यापुढची मुलं इंग्रजीला नवखी नाहीत. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावी होईतो दहा वर्षं. 'ही गोज, दे गो' ती झोपेतही म्हणतील. अडतं ते बंदराच्या गेटवर, फोन वाजल्यावर. आधी नियम आठवायचा, मग वाक्य जुळवायचं, मग तोंड उघडायचं, ही शाळेने लावलेली सवय. आणि पलीकडचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही.

यावर आपल्याच देशात, साध्या शाळांत काम झालेलं आहे. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधले एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रासकडच्या काही वर्गांत व्याकरणाचा क्रमच बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यातून काहीतरी शोधून काढायला लावायचं. एक काम शिक्षक सगळ्या वर्गाशी बोलत बोलत सोडवणार, तसंच दुसरं मुलांनी आपापलं करायचं. उत्तर बरोबर आलं का, एवढंच तपासायचं. डोकं अर्थात गुंतलं की भाषा मागोमाग येते, हे त्यांचं म्हणणं. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण कामातून भाषा शिकवण्याच्या या पद्धतीचा इतिहास सांगताना बंगळूरला वगळता येत नाही.

उरणला तर अशा कामांची ददात नाही. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा पडताळणीचा, आधीच्या दहांवरून हिशेबाने निघणारा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसव. एकाकडे सीएफएसची, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनची, यादी, दुसऱ्याकडे गेट पास. पाच नंबर, त्यातले दोन चुकीचे उतरवलेले. फोनवर बोलतोय असं धरून ते दोन पकडायचे. बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात, मग पोरगं चिडून आपणच विचारतं, 'बी फॉर बॉम्बे?' पुन्हा सांगा, सावकाश सांगा, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते त्या क्षणी दे. गरज पडलेली असते, म्हणून ते राहतं. सील, रीफर, सर्व्हे हे शब्द शिकवत बसू नकोस. घरात कोणी ना कोणी बंदरात आहेच, मुलंच तुला शिकवतील.

दुसरं काम चेन्नईहून आलेल्या पाहुण्याचं. त्याला उरणहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला पोचवायचंय. मोरा बंदरातली लाँच जवळची, पण मोठ्या ओहोटीला गाळामुळे ती थांबते. जानेवारी २०२४ पासून लोकल आहे, ती नेरूळ-बेलापूरकडून फिरवून नेते. अटल सेतूवर दुचाकीला बंदी, तेव्हा 'माय ब्रदर्स बाइक' हे उत्तर बाद. आणि घारापुरी बघायला त्याने सोमवारच धरला असेल तर लेणी बंद. करा आता काय ते.

मोठ्या मुलांना वादाला साडेबारा टक्क्यांचा भूखंड दे, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा. जासईच्या शेतकऱ्यांच्या १९८४ च्या लढ्यातून जे पदरात पडलं ते विकावं की ठेवावं? गप्प बसणारा एकही निघणार नाही. फक्त वर्गात भाऊबंद असतील तर नावं घेऊ देऊ नकोस, नाहीतर भांडण मराठीत होईल आणि तुझ्या ओसरीवर होईल.

काम करताना मुलं आपल्या आगरी बोलीत बोलतील, बोलू दे. निकाल मात्र इंग्रजीत, सगळ्यांसमोर उभं राहून. जेन विलिस यांनी याच पद्धतीवरच्या १९९६ च्या पुस्तकात या टप्प्याला फार महत्त्व दिलं आहे, आणि माझाही अनुभव तोच. चारचौघांत सांगायचं म्हटलं की नीट बोलावं असं मुलाला स्वतःलाच वाटतं. त्याआधीच्या तयारीत काळांचा तक्ता खुशाल बाहेर काढ.

काम चालू असताना मात्र चूक दुरुस्त करू नकोस. 'पाणी'चं 'पानी' केलं म्हणून या पोरांना मराठीच्या तासालाच हसलेलं असतं. इंग्रजीची पाळी येईपर्यंत तोंड मिटलेलं असतं. चुकणाऱ्याला सोड, हसणाऱ्याला उभं कर.

ही पद्धत बाईंना महाग पडते, हेही सांगते. रात्री बसून चिठ्ठ्या करायच्या, वर्गात कालवा सोसायचा, आणि परीक्षेतले गुण लगेच वाढत नाहीत. पालक विचारणारच, वहीत काही दिसत नाही, आमच्या पोराला शिकवता तरी काय? वाद घालू नकोस. महिनाअखेरीस त्यांना वर्गात बोलाव, एकाच्या बापाच्या हातात गेट पास दे आणि पोराला नंबर विचारू दे. फी वाढवायची असेल तर त्यानंतर वाढव.

तुझी,
मावशी