बारा क्रियापदे

थट्टा म्हणजे अनादर, असा एक समज आपल्या घरांतून खोलवर रुजलेला आहे. थोरांच्या गोष्टीला कोणी हसले की आपल्या कपाळाला आठी पडते. परंतु वाङ्मयाचा इतिहास पाहिला, तर हसणाऱ्यांनी मूळ कथेला बुडविल्याचे सहसा दिसत नाही. १९२५ साली आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' प्रसिद्ध केली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ चेष्टा केली. ज्याने त्या कवींच्या कविता वाचल्या नव्हत्या, त्याला त्या चेष्टेतले मर्म कळणे कठीणच होते. स्पेनच्या सर्व्हान्टिसने १६०५ साली 'डॉन किहोते'चा पहिला भाग छापला. तो लिहिण्यापूर्वी शूर सरदारांच्या किती कादंबऱ्या त्याने वाचून काढल्या असतील, हे पानापानांतून जाणवते. विडंबनकार हा बहुधा मूळ ग्रंथाचा निष्ठावंत वाचक असतो.

हा विचार आमच्या मनात पुन्हा जागा झाला, तो एका संगणकावरील खेळामुळे. खेळाचे नाव 'सायमन द सॉर्सरर', म्हणजे 'जादूगार सायमन'. १९९३ साली तो इंग्लंडमध्ये निघाला, तेव्हा आम्ही सेमिनरीत शिकत होतो आणि संगणक ही वस्तू दुरूनच पाहत होतो. २०१८ साली त्याची पंचविसाव्या वाढदिवसाची आवृत्ती निघाली, आणि तिच्याद्वारे तो आमच्या भाच्यापर्यंत पोहोचला.

भाचा सोळा वर्षांचा आहे. आमच्या धाकट्या बहिणीला जाऊन दोन वर्षे झाली. त्या दिवसापासून या मुलाच्या जिभेला धार आली आहे. कोणी सांत्वन केले की तो त्याची नक्कल करतो, प्रवचनाला हसतो, रविवारी मिस्साला येतो तो शेवटच्या बाकाजवळ उभा राहतो आणि कम्युनियननंतर दिसत नाही. मेहुणे एके दिवशी काळजीच्या सुरात म्हणाले, "फादर, पोरगा दिवसभर जादूटोण्याचा खेळ खेळतो. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा." आम्ही म्हणालो, आधी पाहू, मग सांगू. आणि सलग तीन संध्याकाळी आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

खेळाची रीत साधी आहे. पडद्यावर चित्र दिसते: रान, खेडे, पूल, खानावळ. खाली काही क्रियापदे लिहिलेली असतात. एका क्रियापदावर आणि मग चित्रातल्या एखाद्या वस्तूवर माऊसने टिचकी मारायची, की सायमन ते काम करतो. कथा अशी: सायमनच्या बाराव्या वाढदिवशी एक अनोळखी कुत्रा तोंडात मंत्रांचे जुने पुस्तक धरून येतो. पुस्तक पोटमाळ्यावर पडून राहते, आणि पुढे त्याच्याच द्वारे हा शहरी मुलगा परीकथांच्या देशात जाऊन पडतो. तेथे कॅलिप्सो नावाच्या वृद्ध जादूगाराला सॉर्डिड नावाच्या दुष्टाच्या तावडीतून सोडवायचे असते.

या देशात प्रत्येक जुनी गोष्ट उलटी झालेली आहे. पुलाखालचा राक्षस संपावर बसला आहे. मनोऱ्यात कोंडलेल्या लांब केसांच्या सुंदरीचे चुंबन घेताच तिची डुकरीण होते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या महाकथेत बुटक्यांच्या खाणीचे दार 'मित्र' या शब्दाने उघडते. येथे परवलीचा शब्द आहे 'बिअर', आणि आत शिरण्यासाठी सायमनला खोटी दाढी लावावी लागते. सायमन स्वतः उद्धट, आळशी आणि टोमणेबाज. सीडीवरील आवृत्तीत क्रिस बॅरी या विनोदी नटाने त्याला आवाज दिला आहे, आणि त्या आवाजातला कंटाळा ऐकताना आमच्या भाच्याचीच आठवण येत होती.

मेहुण्यांच्या शंकेचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. जादूटोण्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. धर्मशिक्षणग्रंथाच्या २११७ व्या परिच्छेदात गूढ शक्तींना ताब्यात घेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाचा निषेध केलेला आहे. परंतु या खेळात कोणी मुलाला मंत्रतंत्र शिकवीत नाही. येथे जादू म्हणजे गुलबकावलीच्या गोष्टीतली जादू. इतकेच नव्हे, तर खेड्यातील खानावळीत बसलेले जादूगार पेल्यांत रमलेले आहेत. जादूची एवढी शोभा करणारा खेळ कोणाला तिच्या नादी लावील, असे आम्हांस वाटत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. सायमन दुसऱ्याच्या घरातील वस्तू बेधडक खिशात घालतो आणि त्याच्या तोंडी काही विनोद असे आहेत की लहान मुलांनी ते ऐकू नयेत. ते आम्ही मेहुण्यांना तसेच सांगितले.

पण दुसऱ्या संध्याकाळी आमचे लक्ष त्या क्रियापदांकडे गेले. ती मोजून बारा आहेत: जा, पाहा, उघड, हलव, खा, उचल, बंद कर, वापर, बोल, काढ, घाल, दे. तलवारी आणि राक्षसांच्या कथांचे हे विडंबन, आणि त्याच्या बारा क्रियापदांत 'मार' नाही. 'पाहा' आहे, 'बोल' आहे, 'दे' आहे. एखाद्या पाड्यातील धर्मग्रामात नवीन फादर आला, तर त्याचीही कामे या बारांच्या पलीकडे फारशी जात नाहीत.

त्या बारांपैकी 'काढ' या एका शब्दाचे उदाहरण देतो. रानात एक दांडगा रानटी वीर पायात काटा रुतल्यामुळे कण्हत बसलेला असतो. सायमन त्याचा काटा काढतो, आणि वीर त्याला एक शिट्टी देतो: संकटात वाजव, मी येईन. संत जेरोम आणि सिंहाची आख्यायिका आपल्याकडील मुलांना ठाऊक आहे. येथे सिंहाच्या जागी रडणारा पहिलवान आहे, म्हणून हसू येते. परंतु काटा काढावाच लागतो, त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तसाच तो पाणथळीतला एकाकी प्राणी. पाहुणा आला याचाच त्याला आनंद होतो, आणि तो सायमनला चिखलाचे कालवण वाढतो. सायमनच्या तोंडी कितीही टोमणे असोत, कालवण खावे लागतेच. पाहुणचाराची थट्टा करणाऱ्या या खेळाने पाहुणचार मात्र सोडलेला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही भाच्याला त्या मूळ कथाकाराविषयी सांगितले. हा खेळ माइक वुडरॉफ आणि त्यांचा मुलगा सायमन यांनी बर्मिंगहॅमलगतच्या सटन कोल्डफील्डमध्ये घडविला. त्याच बर्मिंगहॅमच्या परिसरात टोल्किन लहानाचे मोठे झाले. वडील १८९६ साली गेले. आई मेबल हिने १९०० साली कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, त्यामुळे नातलगांची मदत तुटली, आणि १९०४ साली तीही गेली. मागे राहिलेल्या दोघा भावांचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. ते संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापिलेल्या बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीचे धर्मगुरू होते.

भाच्याने माऊस बाजूला ठेवला. "तेव्हा टोल्किन किती वर्षांचे होते?"

"बारा."

"सायमनएवढे." थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "फादरमामा, मग त्यांना हसू यायचं का?"

त्या पोराने हा प्रश्न टोल्किनविषयी विचारलेला नव्हता, हे आम्हांस कळत होते. आम्ही म्हणालो, "'द हॉबिट' वाच. १९३७ साली छापलेलं पुस्तक आहे. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके न बोलावता जेवायला येतात आणि घरधन्याची तारांबळ उडते. ज्याला हसू येत नाही, तो असं लिहू शकत नाही." तो काही बोलला नाही. पण पुस्तक त्याने मागून घेतले, आणि सध्या ते त्याच्या उशाशी आहे.

ऑरेटरी या संघाचे मूळ संस्थापक संत फिलिप नेरी. रोममध्ये लोक आपल्याला फार पवित्र समजू लागले आहेत असे दिसताच ते अर्धीच दाढी करून रस्त्याने हिंडत, असे त्यांच्याविषयी सांगतात. स्वतःची थट्टा करणारा संत ज्या घराण्याचा मूळ पुरुष, त्या घराण्यातील धर्मगुरूच्या छायेत एका पोरक्या मुलाने पुढे महाकथा रचली. आणि पुढे त्याच परिसरात तशा महाकथांचे विडंबन निपजले. आम्हांस यात विसंगती दिसत नाही.

पालकांना आमचे सांगणे इतकेच, की घरातले मूल सगळ्याला हसू लागले तर त्याला एकदम दटावू नये. हसण्याचे दोन प्रकार आहेत. एक हसणे दार लावून घेते आणि दुसरे ते किलकिले ठेवते. कोणते कोणते, हे दुरून ओळखता येत नाही. शेजारी खुर्ची टाकून बसावे लागते. पाहावे, बोलावे, कोठे काटा रुतला आहे ते शोधावे. आणि मूळ गोष्ट सांगण्याचे काम आपले आहे, हे विसरू नये. ज्या मुलाला मूळ कथा कोणी सांगितलीच नाही, त्याच्या हाती केवळ थट्टा उरते, आणि केवळ थट्टेवर कोणाचे पोट भरत नाही.